बुकमार्क म्हणजे नुसती खूण नाही: एका टॅपमध्ये फाईल, एका टॅपमध्ये स्क्रिप्ट

(हा आमच्या ऑडिओ भागाचा लिखित मजकूर. बोलताना येणारे "म्हणजे" आणि "काय होतं की" थोडे गाळलेत, बाकी तसंच ठेवलंय. कोडच्या ओळी मी बोलले तशाच लिहिल्यात, टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, बुकमार्क? ते तर २००५ सालचं काहीतरी आहे. आता सगळं सर्च करून मिळतं की. मिळतं, मान्य. पण एक प्रयोग करा. आत्ता, हे ऐकता ऐकता, तुमचा सगळ्यात ताजा रेझ्युमे शोधून दाखवा. डाउनलोड्समध्ये "रेझ्युमे फायनल", "रेझ्युमे फायनल २", "रेझ्युमे नवीन फायनल" असे चार भाऊ बसलेले असतात आणि समोरून एचआरचा मेसेज आलेला असतो की पाच मिनिटांत पाठवा. चुकीचा गेला की गेला. मागच्या वर्षीचे मार्क, जुना नंबर, सगळं त्यात.

तर आज बघूया की ब्राउझरच्या त्या छोट्या चांदणीमागे नक्की काय काय ठेवता येतं. वेबसाइट तर आहेच, पण फाईल ठेवता येते, अख्खं फोल्डर ठेवता येतं, आणि चक्क चालणारा प्रोग्रॅमही ठेवता येतो. शेवटच्या गोष्टीत धोकाही आहे, त्यावर मी मुद्दाम जास्त वेळ घेणार आहे. घाईत ऐकत असाल तर तेवढा भाग सोडू नका.

०१:४० बुकमार्कमध्ये असतं काय?

फक्त दोन गोष्टी. एक नाव आणि एक पत्ता. बस. नाव तुमच्या सोयीसाठी, पत्ता ब्राउझरसाठी. नव्वदच्या दशकात मोझेक ब्राउझर आला तेव्हा या यादीला "हॉटलिस्ट" म्हणायचे. नेटस्केपने "बुकमार्क" हा शब्द रुळवला, इंटरनेट एक्सप्लोररने त्याला "फेव्हरिट्स" म्हटलं. नेटस्केप कधीच गेलं, पण आजही तुम्ही कॉम्प्युटरवर क्रोममधून बुकमार्क एक्स्पोर्ट केले आणि ती फाईल नोटपॅडमध्ये उघडली, तर पहिल्या ओळीत नेटस्केपचं नाव दिसतं. मला हे फार आवडतं. वाडा पाडून टॉवर झाला तरी पत्त्यात जुन्या वाड्याचं नाव राहतं ना, तसं.

आता मुद्दा असा, की "पत्ता" म्हणजे फक्त वेबसाइटचा पत्ता नाही. पत्त्याच्या सुरुवातीला जो शब्द असतो, एचटीटीपीएस कोलन वगैरे, तो ब्राउझरला सांगतो की पुढच्या मजकुराचं काय करायचं. तिथे "टेल" असेल तर फोन लावायचा डायलर उघडतो. "मेलटू" असेल तर मेल. "यूपीआय" असेल तर पेमेंटचं ॲप; दुकानातला क्यूआर कोड स्कॅन केला की आत हाच पत्ता असतो. "फाईल" असेल तर तुमच्याच मशीनवरची फाईल. आणि "जावास्क्रिप्ट" असेल तर पुढचा मजकूर हा पत्ता नसून कोड आहे, तो चालव, असा अर्थ होतो. सगळा खेळ या पहिल्या शब्दाचा.

०३:३० कॉम्प्युटरवरच्या फाईली

हे पटकन सांगते कारण तुमच्यातले बहुतेक जण फोनवर आहात. लॅपटॉपवर क्रोम किंवा फायरफॉक्स उघडा आणि एखादी पीडीएफ उचलून थेट ब्राउझरमध्ये टाका. ती उघडते, आणि वर पत्त्यात "फाईल" दिसतं. आता कंट्रोल आणि डी दाबा. झाला बुकमार्क. हेच अख्ख्या फोल्डरलाही चालतं, आतल्या फाईलींची साधी यादी दिसते. अभ्यासाच्या सगळ्या पीडीएफ एका फोल्डरमध्ये, त्याचा बुकमार्क वरच्या पट्टीवर. फाईल एक्सप्लोररमध्ये सहा वेळा क्लिक करत आत शिरायचं काम नाही.

पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. पीडीएफ, फोटो, साधा मजकूर, बरेचसे व्हिडिओ हे ब्राउझर स्वतः दाखवतो. वर्डची फाईल मात्र त्याला दाखवता येत नाही, म्हणून क्रोम तिची एक कॉपी डाउनलोड्समध्ये टाकतो. दर क्लिकला नवी कॉपी. आणि मग तुम्ही त्या कॉपीत बदल करता, मूळ फाईल जुनीच राहते. "फायनल २" चा जन्म असा होतो.

दुसरं, फाईल हलवली किंवा फोल्डरचं नाव बदललं की बुकमार्क मेला. तो तुमच्या मागे मागे फिरत नाही.

तिसरी गंमत आपल्या मराठीची. फाईलचं नाव देवनागरीत असेल तर पत्ता कॉपी करून कुठे चिकटवल्यावर टक्केचिन्हांची भली मोठी माळ दिसते. घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात दर बाइट टक्केचिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका "म" साठी नऊ अक्षरं. काना-मात्रांना वेगळी नऊ. चालतं ते व्यवस्थित, फक्त दिसायला भयंकर.

आणि लोक विचारतात, पायथनची फाईल बुकमार्क केली तर ती चालेल का? नाही. ब्राउझर तिचा मजकूर दाखवेल किंवा डाउनलोड करेल, चालवणार नाही. आणि हे बरंच आहे. एका क्लिकवर ब्राउझरने मशीनवरचे प्रोग्रॅम चालवायला सुरुवात केली असती तर आपल्यातल्या कोणाचाच लॅपटॉप एक आठवडाही टिकला नसता.

०६:०० फोनवर काय?

फोनवर "फाईल" वाला रस्ता आता जवळपास बंद झालाय. अँड्रॉइड १० पासून गूगलने एका ॲपला दुसऱ्याच्या फाईली सरसकट बघू द्यायचं कमी केलं. फाईल मॅनेजरमधून पीडीएफ क्रोममध्ये उघडली तर पत्त्यात "कंटेंट" असा शब्द येतो. ती असते तात्पुरती परवानगी. त्याचा बुकमार्क केला तर उद्या उघडेलच याची खात्री नाही. म्हणून फोनवर सरळ उपाय असा, की फाईल ड्राइव्हवर ठेवा आणि बुकमार्क ड्राइव्हच्या पत्त्याचा करा.

आणि इथे रेझ्युमेचा प्रश्न सुटतो. नीट ऐका. गूगल डॉक्समध्ये तुमचा एकच रेझ्युमे ठेवा. ब्राउझरमध्ये उघडल्यावर त्याचा पत्ता लांबलचक असतो आणि शेवटी तिरपी रेघ आणि "एडिट" असा शब्द असतो. तो "एडिट" आणि त्याच्या पुढचं सगळं काढून टाका आणि तिथे लिहा "एक्स्पोर्ट", प्रश्नचिन्ह, "फॉरमॅट", बरोबरचं चिन्ह, "पीडीएफ". हा नवा पत्ता बुकमार्क करा. आता तो दाबला की त्या क्षणी डॉक्समध्ये जे आहे त्याची ताजी पीडीएफ बनून खाली उतरते. नंबर बदलला, डॉक्समध्ये बदला. बुकमार्क तोच. "एक्स्पोर्ट" वगैरेच्या जागी नुसतं "कॉपी" लिहिलंत तर डॉक्स विचारतं की याची कॉपी करू का. कव्हर लेटरचा साचा, प्रॅक्टिकलच्या जर्नलचा साचा, हे असे ठेवावेत. मूळ साचा कधीच खराब होत नाही.

एक सूचना. हा पीडीएफवाला पत्ता दुसऱ्याला पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट "लिंक असलेल्या कोणालाही" असं खुलं करावं लागतं. मग त्यावरचा मोबाईल नंबर आणि घरचा पत्ताही खुला होतो. मी म्हणेन, स्वतःपुरता बुकमार्क ठेवा आणि समोरच्याला पीडीएफच पाठवा.

अजून एक छोटी सोय. २०१८ मध्ये गूगलने "डॉट न्यू" पत्ते सुरू केले. ॲड्रेस बारमध्ये "डॉक डॉट न्यू" लिहा, कोरं डॉक्युमेंट उघडतं. "शीट डॉट न्यू" लिहा, कोरी शीट. हे बुकमार्क करून क्रोमच्या तीन ठिपक्यांत "होम स्क्रीनवर जोडा" केलं की ॲपसारखा आयकॉन मिळतो. होम स्क्रीनवरचा आयकॉन हा शेवटी बुकमार्कच आहे, फक्त पुढच्या अंगणात आणून ठेवलेला.

०९:१० डब्याचा खाडा आणि स्वतःची स्क्रिप्ट

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. पुण्यात किंवा कुठेही शिकायला राहिलेल्यांना माहितीये, मेसचा महिना संपला की खाड्यांवरून वाद होतो. काकू म्हणतात तीन खाडे, आपण म्हणतो पाच. चॅटमध्ये शोधत बसायचं. यासाठी ॲप शोधू नका. एक बुकमार्क पुरतो: "आज खाडा". दाबला की तारीख शीटमध्ये गेली पाहिजे.

हे होतं गूगल ॲप्स स्क्रिप्टने. फुकट आहे, फक्त पहिल्यांदा लॅपटॉपवर किंवा मित्राच्या कॉम्प्युटरवर बसून करा, फोनवर तो एडिटर डोक्याला ताप आहे. शीट उघडा, वरच्या मेनूत "एक्स्टेन्शन्स", त्यात "ॲप्स स्क्रिप्ट". तिथे एक फंक्शन लिहायचं, त्याचं नाव "डू गेट" असंच हवं, जोडून, गेटचा जी मोठा. कारण पत्ता उघडला की गूगल याच नावाचं फंक्शन शोधतं. आत दोन कामं. एक, चालू शीटला शेवटी नवी ओळ जोड आणि तिच्यात आजची तारीख टाक. याला "अपेंड रो" म्हणतात. दोन, "एचटीएमएल सर्व्हिस" वापरून "नोंद झाली" एवढं उत्तर परत दे. मग "डिप्लॉय", "नवीन डिप्लॉयमेंट", प्रकार "वेब ॲप". कोणाच्या नावाने चालवायचं, तर "मी". कोणाला परवानगी, तर "फक्त मी". पहिल्यांदा गूगल लाल त्रिकोण दाखवून म्हणेल की हे ॲप तपासलेलं नाही. कोड तुम्हीच लिहिलाय, त्यामुळे तिथे पुढे जायला हरकत नाही. दुसऱ्याच्या स्क्रिप्टला मात्र हीच पाटी दिसली तर थांबा. शेवटी एक पत्ता मिळतो, ज्याच्या टोकाला "एक्झेक" असतं. तो फोनवर बुकमार्क करा, होम स्क्रीनवर आणा. झालं.

खाचखळगे आहेत, तेही सांगते. यूट्यूबवरच्या काही व्हिडिओंत एचटीएमएल सर्व्हिसऐवजी "कंटेंट सर्व्हिस" वापरलेली दिसेल. चालते तीही, पण ती तुम्हाला उत्तर दाखवायला एका वेगळ्याच, एकदाच वापरायच्या पत्त्यावर नेते. ते पान उघडल्यावर बुकमार्क केलात तर तो वेगळा पत्ता साठवला जातो आणि खाडा कधीच नोंदला जात नाही. "नोंद झाली" दिसतंय म्हणजे झाली असं वाटतं, आणि महिनाअखेर शीट रिकामी.

याच्या उलट अडचण अशी, की पान परत लोड झालं की स्क्रिप्ट परत चालते. दोन दिवसांनी क्रोम उघडला, त्याने जुना टॅब परत आणला, की परत एक खाडा. काकू बरोबर ठरतील अशी वेळ येते. म्हणून ओळ जोडण्याआधी शेवटच्या ओळीतली तारीख बघायची, आजचीच असेल तर काही न करता "आजचा खाडा आधीच आहे" म्हणायचं. ही तपासणी टाळू नका. बटण दाबल्यावर हिशोबात बदल होत असेल तिथे दोनदा दाबलं जाणारच, हे गृहीत धरायचं.

आणि कोडमध्ये बदल केला की जुन्या डिप्लॉयमेंटला नवी आवृत्ती द्यावी लागते, नाहीतर जुनाच कोड चालत राहतो आणि तुम्ही तास-तास डोकं खाजवता. फोनमध्ये दोन-तीन गूगल खाती असतील तर कधी कधी पान उघडतच नाही. मग ज्या खात्यात स्क्रिप्ट आहे तेच पहिलं लॉगिन ठेवा. तीच युक्ती दुधाच्या हिशोबाला, पाण्याच्या टँकरला, लायब्ररीत बसलेल्या तासांना. प्रत्येकाची शीट वेगळी, बुकमार्क वेगळा.

(इथे एका श्रोत्याचा प्रश्न घेतला होता: इंटरनेटशिवाय, फोनमध्येच स्क्रिप्ट चालेल का? थोडक्यात उत्तर: चालते. एफ-ड्रॉइडवरून टर्मक्स घ्या, त्यात पायथन टाका, फोल्डरमध्ये जाऊन म्हणा: पायथन, डॅश एम, एचटीटीपी डॉट सर्व्हर, ८०००, डॅश डॅश बाइंड, १२७.०.०.१. मग क्रोममध्ये "लोकलहोस्ट कोलन ८०००" हा बुकमार्क तुमच्याच फोनमधलं फोल्डर दाखवतो. शेवटचा बाइंडवाला भाग गाळलात तर हॉस्टेलच्या वायफायवरचा कोणीही ते फोल्डर बघू शकतो. म्हणून गाळू नका.)

१३:२० बुकमार्कलेट: पत्त्याच्या जागी कोड

१९९५ मध्ये नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला अवतार लिहिला, आणि "जावास्क्रिप्ट कोलन" हा पत्त्याचा प्रकारही तिथूनच आला. त्याचा बुकमार्क होऊ शकतो हे लोकांच्या लक्षात आलं आणि १९९८ च्या सुमारास स्टीव्ह कँगस यांनी अशा कोडच्या बुकमार्कला "बुकमार्कलेट" हे नाव दिलं.

उदाहरण. क्लासच्या साइटवर लेक्चर आहे आणि सर फार सावकाश बोलतात. स्पीडचं बटण नाही. मग बुकमार्कचं नाव "फास्ट" आणि पत्त्यात: जावास्क्रिप्ट, कोलन, डॉक्युमेंट डॉट क्वेरी सिलेक्टर, कंसात अवतरणचिन्हांत व्हिडिओ, कंस बंद, डॉट प्लेबॅक रेट, बरोबर, १.७५. सिलेक्टरचा एस आणि रेटचा आर मोठा. लेक्चर चालू असताना हा बुकमार्क दाबला की सर घाईत येतात. व्हिडिओ दुसऱ्याच साइटवरून आणून चौकटीत बसवलेला असेल तर चालत नाही, आणि काही साइट असले कोड अडवतात.

फोनवर हे बनवायची पद्धत जरा वाकडी आहे. आधी कोणतंही पान बुकमार्क करायचं, मग तो बुकमार्क एडिट करून पत्ता पुसायचा आणि कोड टाकायचा. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये यादीतून दाबून तो चालत नाही. ज्या पानावर चालवायचाय तिथेच राहून ॲड्रेस बारमध्ये बुकमार्कचं नाव टाइप करायचं आणि खाली सुचवलेल्यातून तो निवडायचा. म्हणून नाव छोटं ठेवा. आयफोनच्या सफारीत यादीतून सरळ चालतो.

आता धोका. बुकमार्कलेट ज्या पानावर चालतो, त्या पानाच्या स्वतःच्या कोडइतकाच अधिकार त्याला मिळतो. तुम्ही लॉगिन केलेलं असेल तर तो तुम्ही आहात. तुमच्या नावाने मेसेज पाठवू शकतो, दिसतंय ते वाचू शकतो, टाइप केलेलं टिपू शकतो.

हे कल्पनेतलं नाही. २०२३ मध्ये सुरक्षा विषयावर लिहिणारे पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी डिस्कॉर्डवरच्या अशा चोऱ्यांबद्दल लिहिलं. क्रिप्टोशी संबंधित ग्रुपच्या ॲडमिनना कोणीतरी बातमीदार असल्याचं भासवून मुलाखतीला बोलवायचं. मग "तुम्ही खरे आहात हे सिद्ध करा" म्हणून एका पानावर न्यायचं. तिथे सांगायचं, हे बटण ओढून बुकमार्कच्या पट्टीवर ठेवा, डिस्कॉर्डवर परत जा आणि ते दाबा. बटण म्हणजे बुकमार्कलेट. त्याने डिस्कॉर्डचं लॉगिन टोकन उचलून चोराकडे पाठवलं. टोकन म्हणजे आत गेल्यावर हातावर मारलेला शिक्का. तो चोराकडे गेला की पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. तुम्ही दोन टप्प्यांचं लॉगिन लावलं असलं तरी उपयोग शून्य, कारण दारावरची तपासणी तुम्ही स्वतःच पार केलेली असते.

म्हणूनच तुम्ही ॲड्रेस बारमध्ये "जावास्क्रिप्ट कोलन" वाली ओळ पेस्ट केली तर क्रोम आणि फायरफॉक्स तो पहिला शब्द गुपचूप काढून टाकतात. बुकमार्कच्या एडिट चौकटीत मात्र काढत नाहीत, आणि चोर तिथूनच शिरतात. तेव्हा कोणत्याही ग्रुपवर, "फ्री रिचार्ज", "रिझल्ट आधी बघा", "कोण तुमचं प्रोफाइल बघतं" अशा नावाखाली कोणी बुकमार्क करायला कोड देत असेल तर करू नका. कोड वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्या मैत्रिणीला दाखवा. तीही नसेल तर राहू द्या. आणि स्वतःचा बुकमार्कलेटसुद्धा बँकेच्या किंवा मेलच्या पानावर चालवायची सवय लावू नका.

१७:५० सापडायला हवेत ना

बुकमार्क चारशे झाले की ते पुन्हा डाउनलोड्सचं फोल्डरच होतं. फोल्डर फार करू नका. नाव नीट द्या, तेवढंच पुरतं. साइट आपोआप देते ते नाव पुसा आणि तुम्ही जे टाइप कराल ते ठेवा. "रेझ्युमे", "खाडा", "फास्ट". ॲड्रेस बारमध्ये दोन-तीन अक्षरं लिहिली की वर येतात. लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये ॲट चिन्ह, त्याला लागून इंग्रजीत "बुकमार्क्स" आणि मग टॅब दाबलं की शोध फक्त बुकमार्कमध्येच होतो. फायरफॉक्समध्ये त्याच कामाला तारा आणि स्पेस.

आणि फोन बदलताना: गूगल खात्यात सिंक चालू असेल तर बुकमार्क आपोआप येतात. नेट कॅफेमध्ये फॉर्म भरायला गेलात आणि "माझे बुकमार्क हवेत" म्हणून तिथल्या क्रोममध्ये सिंक चालू केलंत, तर बुकमार्कांबरोबर तुमचे सेव्ह केलेले पासवर्डही त्या कॉम्प्युटरवर येतात. तिथे गेस्ट विंडो उघडा आणि हवा तो एकच पत्ता फोनवर बघून टाइप करा. लांब असेल तर स्वतःला मेल करून ठेवण्यापेक्षा फॉर्मच्या साइटचं मुख्य पान टाइप करा, तिथून आत जा. सहा महिन्यांतून एकदा लॅपटॉपवरून एक्स्पोर्ट करून ती नेटस्केपच्या नावाची फाईल ड्राइव्हवर टाका. लॅपटॉप नसेल तर गूगल टेकआउटमधून फक्त क्रोम निवडून तीच माहिती फोनवरही मागवता येते.